चाव्यांची आगोट

दिवा–रोहा गाडीने नेमाने जा-ये करणाऱ्याला गाडी रिकामी होण्याचा क्रम पाठ असतो. पनवेलला मोठा लोंढा उतरतो. आपटा, जिते, हमरापूर करत पेण आलं की उरलेल्यांतले बरेच जण पिशव्या सावरत उठतात. कासू, नागोठणे मागे पडेपर्यंत डब्यातली माणसं बोटांवर मोजता येतात. दिवा ते रोहा अंतर साधारण १०० किलोमीटर. हीच गाडी रुळांऐवजी केसाएवढ्या काचेच्या तंतूतून चालली आहे आणि डब्यात माणसांऐवजी प्रकाशाचे सुटे कण, म्हणजे फोटॉन, बसले आहेत असं धरा. चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्ये किलोमीटरमागे ०.२ डेसिबल प्रकाश वाया जातो. त्या हिशेबाने दिव्याहून निघालेल्या १०० फोटॉनांपैकी पनवेलला तीसेक पोहोचतात, पेणला पाच-सहा आणि रोह्याच्या फलाटावर एकटा एक.

तुमच्या-आमच्या इंटरनेटला याची फिकीर नसते. दर ऐंशी-शंभर किलोमीटरवर अ‍ॅम्प्लिफायर बसवला की मंद झालेला प्रकाश पुन्हा ठळक होतो आणि पेणच्या कारखान्यातल्या गणपतीचा फोटो मॉरिशसला दिसतो. क्वांटम संदेशवहनात ही सोय नाही. एकट्या फोटॉनच्या अनोळखी अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे; १९८२ साली वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी तो मांडला. प्रत निघत नाही म्हणून चोराला गुपचूप वाचता येत नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने आपल्यालाही तो वाटेत ठळक करता येत नाही. शहरांतली क्वांटम जाळी उपग्रहांना जोडण्याचा सगळा खटाटोप या एका अडचणीतून निघाला आहे.

मुळात यात पाठवतात काय, हे आधी सांगितलेलं बरं. संदेश पाठवत नाहीत. संदेशाला कुलूप घालण्याची चावी पाठवतात. चावी म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक, कुठलाही क्रम नसलेली माळ. ती दोघांकडे सारखी असावी आणि तिसऱ्याकडे नसावी, एवढीच मागणी. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी १९८४ साली तिची पद्धत सुचवली. पाठवणारा प्रत्येक फोटॉन उभा, आडवा किंवा दोहोंपैकी एका तिरक्या अंगाने सोडतो. घेणारा कधी सरळ तर कधी तिरक्या चाळणीने तो पकडतो. मग दोघं उघडपणे, अगदी फोनवरसुद्धा, कुणी कधी कोणती चाळणी वापरली ते ताडून पाहतात, जुळलेले ठेवतात आणि बाकीचे टाकून देतात. मधे कुणी हात घातला असेल तर जुळलेल्यांतही चुका निघतात. चुका ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्या की ती चावी फेकून द्यायची.

१९८९ साली त्यांनी बनवलेलं पहिलं यंत्र फोटॉनांना हवेतून जेमतेम ३२ सेंटिमीटर पाठवायचं. त्यातले वीजपुरवठ्याचे भाग फोटॉनच्या दिशेप्रमाणे वेगवेगळा आवाज करायचे. त्यामुळे आमचं यंत्र ठार बहिऱ्या चोरापासून पूर्ण सुरक्षित होतं, अशी थट्टा पुढे ब्रासार यांनी स्वतःच केली. हा विनोद मी मुद्दाम इथे ठेवतो. तत्त्व अभेद्य असलं तरी यंत्र घुमतं, तापतं, गळतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हे वारंवार आडवं येणार आहे.

आजच्या कुलपांना काय झालं, असं कुणी विचारेल. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला तर बँकेपासून ईमेलपर्यंत आज वापरात असलेली बरीच गणिती कुलपं उघडतील. तसा संगणक आज नाही. पण आज चोरलेला बंद मजकूर साठवून ठेवायचा आणि दहा-वीस वर्षांनी उघडायचा, हे शक्य आहे. संरक्षण खातं, वैद्यकीय नोंदी, आधारसारखी ओळख, अशा दीर्घकाळ गुप्त राहायला हव्यात त्या गोष्टींना याची धास्ती आहे.

शहरापुरता हा प्रश्न बराच सुटला आहे. बोस्टन परिसरात २००३ नंतर, व्हिएन्नात २००८ साली, टोकियोत २०१० साली अशी जाळी चालवून पाहिली गेली. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये हैदराबादेत डीआरडीओच्या दोन प्रयोगशाळांमध्ये १२ किलोमीटरवर चावी पोहोचली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल हे १०० किलोमीटरहून जास्त अंतर पार केलं, तेही आधीच पुरलेल्या नेहमीच्या व्यावसायिक फायबरवर. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत संचार भवन आणि सीजीओ संकुल यांच्यात असा दुवा चालू झाल्याचं सरकारने जाहीर केलं. मुंबईचा विचार केला तर फोर्ट, वांद्रे-कुर्ला संकुल, ऐरोली-महापे आणि पनवेल ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून फायबरने पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहेत. बँका तिकडे, त्यांचे सर्व्हर खाडीच्या अलीकडे. एवढ्या पल्ल्याला उपग्रहाची गरज नाही. शहरातल्या शहरात चावी पोहोचवायला कुणी आकाशाकडे बोट दाखवत असेल तर तो काहीतरी विकायला आला आहे, असं खुशाल समजावं.

पंचाईत रोह्यापासून पुढे होते. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर; तिथून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ती सुमारे ७४० किलोमीटर जाते. त्या मार्गाने अखंड काचतंतू धरला तर नुकसान १४८ डेसिबल. सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले, तरी ठोकूरला साधारण आठवड्याला एक पोहोचेल. तोवर तिथला शोधक स्वतःच्याच खोट्या टिकटिकीने वेडा झालेला असेल, कारण अंधारातही असे शोधक अधूनमधून फोटॉन आल्याचं सांगतात. २०१८ साली सुचवल्या गेलेल्या एका युक्तीने दोन्ही टोकांकडून प्रकाश मध्यावर आणून जुळवतात. तिच्या बळावर २०२३ मध्ये चीनमध्ये एक हजार किलोमीटरच्या फायबरवर चावी तयार झाली. पण ती प्रयोगशाळेतली, खास कमी नुकसानीची फायबर. नागोठण्याच्या पुलाखालून गेलेली नव्हे.

लांबच्या पल्ल्याला आजवरचा व्यवहार्य उपाय म्हणजे मधे थांबे घेणं. बीजिंग ते शांघाय हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा क्वांटम मार्ग २०१७ साली सुरू झाला. त्यावर ३२ थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावर चावी फोटॉनातून बाहेर काढतात, साधे आकडे म्हणून उतरवतात आणि पुढच्या टप्प्याच्या चावीत गुंडाळून पुढे धाडतात. अशा खोलीला या धंद्यात विश्वासू थांबा म्हणतात. नाव फसवं आहे. थांबा विश्वासू आहे असं कुणी सिद्ध केलेलं नसतं; त्याच्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आकाशाकडे बघायचं कारण हे. वातावरणाचा दाट थर उभ्याने मोजला तर दहाएक किलोमीटर. त्यावरच्या पोकळीत फोटॉन शोषायला कुणी नाही. तिथे नुकसान होतं ते किरण पसरत जातो म्हणून, आणि ते अंतराच्या वर्गाने वाढतं. फायबरमध्ये दर पन्नास किलोमीटरला दहापट घट होते. आकाशात अंतर दुप्पट झालं तर घट चौपट. हजार किलोमीटरवर या दोन हिशेबांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, इथे तर शब्दशः.

चीनने १६ ऑगस्ट २०१६ रोजी सोडलेल्या मोत्झु उपग्रहाने हे करून दाखवलं. पान जियानवेई यांचा हा प्रकल्प. पाचशे किलोमीटर उंचीवरून हा उपग्रह रात्री डोक्यावरून जातो तेव्हा जमिनीवरच्या दुर्बिणीला तो जेमतेम पाच मिनिटं दिसतो. बाराशे किलोमीटर तिरक्या अंतरावरून आलेल्या त्याच्या झोताचं वर्तुळ जमिनीवर बारा मीटरच्या आसपास पसरलेलं असतं, आणि ते एक मीटरच्या दुर्बिणीवर धरून ठेवायचं. तेही वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत असताना. पेण आणि रोहा यांच्यातलं हवाई अंतर तीस-पस्तीस किलोमीटर; उपग्रहाची सावली ते पाचेक सेकंदांत ओलांडेल. आमच्या गाडीचं वेळापत्रक त्याच्यापुढे काढू नये.

सप्टेंबर २०१७ मध्ये बीजिंग आणि व्हिएन्ना इथल्या विज्ञान अकादमींच्या अध्यक्षांनी याच उपग्रहाने दिलेल्या चाव्या वापरून व्हिडिओवर गप्पा मारल्या. व्हिएन्नाकडून होते आंतोन त्साइलिंगर, ज्यांना २०२२ चं भौतिकीचं नोबेल दोघांसोबत मिळालं. बातम्या उपग्रहाच्या आल्या. मला त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो: उपग्रहाचा झोत बीजिंगमध्ये उतरलाच नाही. तो उतरला शिंगलाँग इथल्या वेधशाळेत, शहराच्या झगमगाटापासून लांब डोंगरात. तिथून राजधानीतल्या टेबलापर्यंत चावी आली सुमारे २८० किलोमीटर फायबरने, मधले थांबे घेत. पलीकडेही झोत व्हिएन्नात नाही, ग्राझला उतरला. २०२१ साली चिनी गटाने उपग्रह आणि ७०० हून जास्त फायबर दुवे एकत्र बांधलेलं ४६०० किलोमीटरचं जाळं मांडलं, तेही याच धाटणीचं. शहर आणि उपग्रह यांची गाठ शहरात पडत नाही. ती पडते शहराबाहेरच्या एखाद्या काळोख्या टेकडीवर.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९२७ साली मुंबईचा विलायतेशी बिनतारी बीम संपर्क सुरू झाला, तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घेण्याचं दौंडला. मुंबईचं तारघर त्यांना जमिनीवरच्या तारांनी जोडलेलं. १९७१ साली देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं ते जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला. मुंबईहून परदेशी केलेला फोन आधी घाट चढून आर्वीला जायचा आणि मग आकाशात. आणि आमच्या उंबऱ्यावरचं उदाहरण त्याहून जुनं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडली असती. म्हणून ती अलिबागला हलवली आणि तिथे १९०४ पासून चुंबकीय नसलेल्या साहित्याने बांधलेल्या इमारतीत नोंदी सुरू झाल्या. आजही सुरू आहेत. नाजूक यंत्राला मुंबई मानवत नाही, तेव्हा ते खाडीपलीकडे येतं, हा रायगडचा शंभराहून जास्त वर्षांचा अनुभव.

मग मुंबईच्या क्वांटम जाळ्याचं भू-केंद्र पेण-रोह्याकडे का नको? अटल सेतू झाला, विमानतळ आला, तिसऱ्या मुंबईची चर्चा पेणच्या शिवारापर्यंत पोहोचली, मग हेही येऊ द्या, असं एखाद्या सभेत कुणी म्हणेलही. डिसेंबरच्या रात्री अवचितगडावर जाऊन कुंडलिकेच्या खोऱ्याकडे पाहिलं तर मोह होतो. पण तिथूनच धाटावच्या एमआयडीसीचे दिवे आणि त्यावरचा धूसर थरही दिसतो, उत्तरेला डोलवीच्या पोलाद कारखान्याची लाली. एकेक फोटॉन मोजणाऱ्या दुर्बिणीला हा उजेड म्हणजे कानाशी वाजणारा बेंजो. आणि हे सगळं सोसलं तरी पाऊस आहे.

पेण-रोह्याला जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ढगातून रेडिओ लहरी कशाबशा येतात, म्हणून पावसात डिश टीव्ही थोडा वेळ गुरगुरून परत येतो. एकेकटा फोटॉन ढगातून येत नाही. चार महिने दुर्बिणीवर झाकण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वीज, मोबाइल, फायबर सगळंच कोलमडलं, गावंच्या गावं कित्येक दिवस मुकी झाली. उपग्रह असता तर असं झालं नसतं, असं त्या वेळी पुष्कळांना वाटलं. रेडिओच्या उपग्रहाबाबत ते खरंही आहे. क्वांटमच्या उपग्रहाने मात्र त्या आठवड्यात एक चावीही दिली नसती. आपत्तीच्या वेळचा आधार म्हणून जर कुणी तो पुढे करत असेल तर तसं नाही.

इथे कोकणी माणसाला एकच सुचतं: आगोटीची बेगमी. मे महिन्यात पेणमध्ये अंगणोअंगणी पोह्याचे पापड वाळतात, सुकट-बोंबील डब्यांत जातात, लाकूडफाटा आडोशाला येतो. मग जूनमध्ये काही का होईना. चाव्यांचीही आगोट भरता येईल का? हिशेब करून पाहिला. २०२१ च्या नोंदीत मोत्झु एका फेरीत सेकंदाला सरासरी ४७.८ हजार बिट देत होता. साडेचार मिनिटांची फेरी धरली तर सुमारे १ कोटी ३० लाख बिट. आजच्या चांगल्या कुलपाला २५६ बिटांची चावी लागते, म्हणजे एका रात्रीत पन्नास हजार चाव्या. दर तासाला नवी चावी वापरली तरी पावसाच्या चार महिन्यांना तीन हजार पुरतात. एक निरभ्र रात्र, आणि एका दुव्याची अख्ख्या पावसाळ्याची बेगमी झाली!

हा आकडा आला तेव्हा मी खुश झालो होतो. मग दुसरी बाजू ध्यानात आली. फोटॉन प्रवासात असतो तोवर त्याला निसर्गनियमाचं संरक्षण आहे. दुर्बिणीने तो टिपला, त्याचा शून्य किंवा एक झाला, की तो एखाद्या खोलीतल्या डिस्कवर पडलेला साधा आकडा. त्याची प्रत काढता येते. पेन ड्राइव्हवर नेता येते. सफाईला आलेला, एसी दुरुस्तीला आलेला, पगार थकलेला, कुणीही ती नेऊ शकतो आणि मागे कसलीच खूण राहत नाही. पापडाच्या डब्याला मुंग्या लागल्या तर निदान दिसतात. म्हणजे पाऊस जितका लांबेल तितकी चावी खोलीत जास्त दिवस पडून राहणार, आणि तितकी राखण क्वांटम भौतिकीकडून सरकून रखवालदाराकडे जाणार. शहर आणि उपग्रह जोडण्याच्या प्रश्नावर मी जे वाचलं त्यात आरसे, लेझर, दुर्बिणी यांच्यावर पानंच्या पानं आहेत. त्या खोलीवर परिच्छेद. माझ्या मते प्रश्नाचं मर्म खोलीत आहे.

खोली टाळता येणार नाही का? झोत थेट फायबरमध्ये ओतला तर? मोत्झु चावीसाठी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतो, कारण त्यासाठी शोधक चांगले मिळतात. शहराची फायबर १५५० च्या आसपास सगळ्यात पारदर्शक. ८५० चा प्रकाश तिच्यात दोन-तीन डेसिबल किलोमीटरमागे गमावतो. भू-केंद्रापासून गावच्या वेशीपर्यंत जाईस्तोवर संपला. १५५० चाच प्रकाश उपग्रहातून सोडता येतो, आणि दिवसाच्या उजेडात काम करायलाही तो बरा. २०१७ मध्ये चिनी गटाने भर उन्हात ५३ किलोमीटर हवेतून तसं करून दाखवलं. पण तापलेल्या हवेत हेलकावे खात आलेला तो प्रकाश, नऊ-दहा मायक्रॉनच्या काचेच्या गाभ्यात ओवायचा म्हणजे चालत्या बसमधून सुईत दोरा घालणं. क्षणाक्षणाला आकार बदलणारे आरसे लागतात. ते आहेत, महाग आहेत, आणि प्रगती इथेच होईल असं मला वाटतं.

दुसरा मार्ग गुंतलेल्या फोटॉनांचा. आर्टर एकर्ट यांनी १९९१ साली तो सुचवला. उपग्रह जोडीने जन्मलेले दोन फोटॉन दोन शहरांकडे सोडतो. चावी त्यांच्या मोजणीतून दोन टोकांनाच उमटते, उपग्रहाला स्वतःला ती ठाऊकच नसते. साध्या पद्धतीत मात्र उपग्रह मुंबईला एक चावी देतो, दिल्लीला दुसरी, आणि दोहोंतला फरक जाहीर करतो. म्हणजे त्याला दोन्ही माहीत. तो उडता विश्वासू थांबाच. गुंतलेल्या जोड्यांनी २०२० साली मोत्झुने ११२० किलोमीटरवर चावी दिली, वेग सेकंदाला ०.१२ बिट. एका फेरीत तीस-पस्तीस बिट पदरात. २५६ बिटांची एक चावी जमायला आठवडाभर रोज रात्र निरभ्र हवी. आगोट भरायची तर दूरच, रोजची चूलही पेटणार नाही. फोटॉनची अवस्था काही काळ धरून ठेवणाऱ्या स्मृती आणि त्यांच्यावर चालणारे खरे क्वांटम पुनर्वर्तक आले तर चित्र पालटेल. २०२४ मध्ये बोस्टनला आणि चीनमध्ये हफेईला शहराच्या फायबरवर अशा स्मृती जोडून दाखवल्या आहेत. अजून ते प्रयोग आहेत.

तोवर खोलीचं काय करायचं, याला बँकांकडे जुनं उत्तर आहे. तिजोरीच्या दोन चाव्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या रोह्याला हे समजावून सांगायला नको. इथेही तेच करता येतं. अंतिम चावी दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या चाव्यांची बेरीज ठरवायची: एक हिस्सा उपग्रहाकडून, एक फायबरच्या थांब्यांवरून, एक वेगळ्या संस्थेच्या ताब्यातल्या केंद्रातून. एक खोली फुटली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. याला नवं भौतिकशास्त्र लागत नाही, शिस्त लागते. उपग्रहाचा मला दिसणारा मोठा उपयोग हाच: थांब्यांची साखळी पूर्णपणे हटवणारा नव्हे, तर तिच्यापासून स्वतंत्र अशी दुसरी वाट देणारा.

या सगळ्यावर एक रोखठोक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकालाही न उघडणारी म्हणून निवडलेली नवी गणिती कुलपं प्रसिद्ध केली. ती सॉफ्टवेअरमध्ये येतात. दुर्बीण नको, काळोखी टेकडी नको, पाऊस चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तर क्वांटम चावीवाटपाऐवजी हाच मार्ग धरावा अशी भूमिका घेतली आहे. पेणच्या व्यापाऱ्याचं यूपीआय आणि रोह्याच्या तहसिलीतला सातबारा यांना हे पुरेसं आहे, असंच माझंही मत. मात्र गणिती कुलूप उघडत नाही हे आजवर कुणाला उघडता आलं नाही एवढ्यावर उभं असतं. चाळीस-पन्नास वर्षं ज्याचा स्फोट होऊ नये अशा मजकुराला दोन्ही कुलपं लावावीत. आपल्याकडे ती गरज सीमेवर आहे, अंदमानला आहे, दिल्ली-मुंबईच्या तिजोऱ्यांत आहे.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. मुदत २०३०-३१ पर्यंत. देशांतर्गत दोन हजार किलोमीटर अंतरावरच्या भू-केंद्रांमध्ये उपग्रहामार्फत सुरक्षित संपर्क, आणि तितक्याच लांबीचं शहरांना जोडणारं चावीचं जाळं, ही तिची दोन उद्दिष्टं. संदेशवहनाचं केंद्र मद्रास आयआयटीकडे, सी-डॉटच्या जोडीने. मुंबई आयआयटीकडे संवेदन आणि मापन. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. इस्रोने मार्च २०२१ मध्ये अहमदाबादच्या आपल्या आवारात दोन इमारतींमध्ये ३०० मीटर हवेतून रात्री चावी पाठवली, घड्याळं जुळवायला स्वदेशी नाविक वापरून. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत ऊर्वशी सिन्हा यांचा गट २०१७ पासून इस्रोबरोबर याच दिशेने काम करतो आहे. भू-केंद्रासाठी हानले, माउंट अबू आणि नैनिताल यांची तुलना करून त्या संस्थेच्या संशोधकांनी लडाखमधलं हानले सर्वांत योग्य ठरवलं. जून २०२५ मध्ये दिल्ली आयआयटीच्या आवारात गुंतलेल्या फोटॉनांनी एक किलोमीटरहून जास्त हवा ओलांडली. तीनशे मीटर, एक किलोमीटर आणि पाचशे किलोमीटर. शिडीच्या पुढच्या पायऱ्यांमधलं अंतर मोठं आहे.

हानले मुंबईला जवळचं नाही. मला विचाराल तर मुंबईचं भू-केंद्र घाटावर, पर्जन्यछायेत, आर्वीच्याच टापूत कुठेतरी असावं, आणि रायगडने त्याचा हट्ट धरू नये. रायगडच्या वाट्याला येणार आहे ती फायबर. दक्षिणेकडे जाणारा कुठलाही क्वांटम मार्ग पनवेल, पेण, नागोठणे, रोहा असाच उतरणार, आणि पहिल्या दोन विश्वासू खोल्याही बहुधा याच पट्ट्यात लागणार. आणि फायबर म्हणजे काय, हे मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जेसीबीचा दात बसला की गाव गप्प.

गेल्या जुलैत अशाच एका रात्री आमचं नेट गेलं. कासूच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ओम्नी उभी दिसली, मागचं दार वर, त्यावर निळा ताडपत्रीचा तुकडा. आत मांडीवर स्प्लायसिंग मशीन घेतलेला जॉइंटर, तिशीच्या आतबाहेरचा, वडखळकडचा. खड्ड्यातून ओढून काढलेल्या केबलचं टोक त्याने फडक्याने तीनदा पुसलं, रंगीत तंतू सुटे केले, निळा धरला, क्लीव्हरने टक्कन कापला. मशीनच्या पडद्यावर दोन जाडजूड दांडे एकमेकांकडे सरकले, ठिणगी उडाली, दांडा एक झाला. खाली आकडा: ०.०५.

पावसात उभ्याउभ्या मी त्याला हे सगळं सांगत बसलो, एकेक फोटॉन मोजतात वगैरे. त्याने ऐकून घेतलं.

“काका, मग त्यांना पॉइंट झिरो फाइव्ह चालंल?”

मी मनात हिशेब केला. दोन किलोमीटरचा ड्रम धरला तर पनवेल ते रोहा पंच्याहत्तर किलोमीटरला सदतीस जोड. प्रत्येकी ०.०५ म्हणजे जवळजवळ १.९ डेसिबल. तिसरा हिस्सा फोटॉन नुसत्या जोडांतच गेले.

“नाही चालणार,” मी म्हणालो.

त्याने पडद्याकडे पाहिलं, बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, आणि जोड तोडला. पुन्हा पुसलं, पुन्हा सोललं, पुन्हा टक्कन कापलं. या वेळी आकडा आला ०.०१. त्यावर स्लीव्ह सरकवून ती हीटरमध्ये ठेवत त्याने पुढचा, नारिंगी तंतू हातात घेतला.